अखितीचं बी

सरोजिनीबाईंनी पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं आणि मग त्र्यंबकरावांच्या पुढ्यात चहाच्या कपाशेजारी आपटलं.

"वाचा! तुमच्या लेकीचे प्रताप वाचा!"

लेकीचं काही चांगलं झालं की ती 'माझी नंदिनी', आणि काही बिनसलं की 'तुमची लेक', ही त्या घरातली जुनी वाटणी होती. त्र्यंबकरावांनी कचेरीत तीस वर्षं साहेबाचं ऐकलं होतं आणि घरी येऊन बायकोचं, त्यामुळे त्यांनी मुकाट्यानं चष्मा लावला. नंदिनी लग्न होऊन कॅनडात गेली त्याला तीन वर्षं झाली होती. इतके दिवस भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर गेल्या दिवाळीत तिनं आणि माधवनं घर घेतलं होतं, आणि घरामागं चांगलं ऐसपैस परडं होतं. पत्रात त्या परड्याचंच होतं सगळं.

"आई," नंदिनीनं लिहिलं होतं, "इथं शेजारी मार्था म्हणून सत्तर वर्षांच्या बाई आहेत, एकट्याच राहतात. त्या म्हणतात, इथं मेच्या चोवीस तारखेच्या आसपास राणीच्या वाढदिवसाची सुट्टी असते, तिच्याआधी काकडी बाहेर लावायची नाही. जमीन गार असते, बी कुजतं. आधी घरात खिडकीशी डब्यात रोपं करायची. मग आठवडाभर ती रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून त्यांना वाऱ्याची सवय करायची आणि मग लावायची. तर यंदा अखितीला न लावता मी थोडं थांबू का?"

"राणीचा वाढदिवस!" सरोजिनीबाई कडाडल्या. "अहो, त्या राणीच्या घराण्याला इथनं घालवून तेहतीस वर्षं झाली, आणि ही बया काकडी लावायला तिच्या वाढदिवसाची वाट बघणार! आणि रोपांना म्हणे वाऱ्याची सवय करायची! उद्या म्हणेल, रोपांना स्वेटर विणून पाठव!"

"अगं, थंड मुलूख आहे तो. एप्रिलात बर्फ असतो तिथं."

"असला तर असू दे की! अखिती काय फक्त कोल्हापुरात येते? चंद्र एकच हाय का दोन?"

राग चढला की सरोजिनीबाईंच्या तोंडात 'आहे'चं 'हाय' होत असे, आणि मग त्र्यंबकराव वाद घालत नसत. त्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला.

पण हे नुसतं काकडीचं प्रकरण नव्हतं. हे बी सरोजिनीबाईंच्या आईच्या आईचं होतं. बोटभर जाड, वीतभर लांब, पांढुरकी, पोटावर फिक्या हिरव्या रेघा असलेली काकडी. देठाकडून चावा घेतला तरी कडू म्हणून लागायची नाही. बाजारात तसली मिळत नसे, आणि शुक्रवार पेठेत तर सरोजिनीबाईंच्या मांडवाखाली उभं राहून काकडी खाल्ली नाही असं माणूस सापडलं नसतं. या बियाला दोन रीती होत्या. पहिली, ते अखितीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच आळ्यात टाकायचं, काही झालं तरी. त्या दिवशी लावलेलं संपत नाही, म्हणून. आणि दुसरी, लेकीला स्वतःचं परडं झालं की आईनं बियाची पुरचुंडी अख्खी तिच्या पदरात घालायची. मागं एक दाणा ठेवायचा नाही. त्या वर्षी आईचा मांडव रिकामा राहतो, आणि लेकीच्या वेलावर पिकलेल्या पहिल्या काकडीचं बी माघारी येतं. सरोजिनीबाईंना त्यांच्या आईनं आजऱ्याहून असंच दिलं होतं. आता आजऱ्यात भावानं परड्यात काजू लावले होते, काकडी कधीच गेली होती. म्हणजे हे बी जगात एकाच घरात होतं. डिसेंबरात माधव आठ दिवस येऊन गेला, तेव्हा सरोजिनीबाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर शेणात थापून ठेवलेलं सगळं बी सोडवलं, निवडलं, कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. भिंतीवर नुसते वाळलेले गोल डाग राहिले.

आणि त्या बियाला ती राणीबिणी सांगत होती!

त्याच दुपारी त्यांनी निळं हवाईपत्र घेतलं आणि लिहायला बसल्या. "तुझ्या शेजारणीला तिचे सणवार लखलाभ. आपली रीत तिला विचारून ठरत नाही. तीन पिढ्या हे बी अखितीला पडलंय, दुष्काळात पडलंय, घरात सुतक असतानाही शेजारणीच्या हातून पडलंय. ज्येष्ठ अधिक असल्यानं यंदा अखिती लौकर आहे, सतरा एप्रिलला, विसरू नकोस. बी जमिनीत घाल, डब्यात नको. माझ्या हातचं आजवर कधी वाळलं नाही. आईवर भरवसा नसेल तर बी परत पाठव, आणि पुन्हा मला काही विचारू नको."

मग रिवाजाप्रमाणं खाली जागा सोडून त्यांनी पत्र त्र्यंबकरावांकडं दिलं. खालच्या दोन ओळी त्यांच्या असत. त्र्यंबकरावांनी बराच वेळ टाक हातात धरून दोन ओळी लिहिल्या. सरोजिनीबाईंनी पत्र हिसकून वाचलं. "चि. नंदिनी, तिथली जमीन तिथल्या माणसाला ठाऊक. तुला योग्य वाटेल तेव्हा लाव."

"वा! माझ्याच पत्रात मलाच खोटं पाडा!" असं म्हणून त्यांनी त्याच टाकानं त्या दोन ओळी खोडल्या. एकदा, दोनदा, चारदा. शाई कागदाच्या पलीकडं उतरली. त्र्यंबकराव उठून बाहेर गेले आणि त्या दिवशी संध्याकाळी रंकाळ्यावर नेहमीपेक्षा उशिरापर्यंत बसले.

अखिती आली. सरोजिनीबाईंनी पुरणपोळी केली, आंब्याचा रस केला, पितरांचं पान वाढलं, आणि मग सवयीनं परड्यात गेल्या. आळं रिकामं होतं. कोरड्या मातीला भेगा पडल्या होत्या. मांडवाचे बांबू उघडेवागडे उभे होते. तरी त्यांनी रिकाम्या आळ्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि मनात म्हणाल्या, आता तिथं पण ओतलं असेल.

तेवढ्यात भिंतीपलीकडं कळशी वाजली. ती कुलसुम. परड्यांच्या मधली ती भिंत छातीएवढी, पण नऊ वर्षांत त्या भिंतीवरनं एक शब्द इकडचा तिकडं गेला नव्हता.

कुलसुम म्हणजे गैबी पिंजाऱ्याची बायको. गैबी गाद्या-रजया भरायचा आणि कुलसुम कापूस पिंजता पिंजता भिंतीवरनं सरोजिनीबाईंशी गप्पा मारायची. नंदिनीच्या वेळच्या बाळंतपणात रात्रंदिवस कुलसुम होती. घरचं सुतक आलं त्या वर्षी ते बी कुलसुमच्याच हातून आळ्यात पडलं होतं. एका वर्षी सरोजिनीबाईंनी कौतुकानं तिला पाच दाणे दिले. बाहेर बी द्यायची त्यांच्यात रीत नव्हती, पण दिले. वर बजावलं, "अखितीलाच टाक." त्या साली पाण्याचे हाल होते, माती तव्यासारखी तापली होती. कुलसुमनं अखितीला काही टाकलं नाही. "वळवाचा पाऊस एक पडू दे की वैनी," म्हणाली. "बी काय पंचांग वाचून उगवतंय व्हय? माती बघून उगवतंय." तिनं बारा दिवसांनी लावलं. आणि झालं असं, की सरोजिनीबाईंचे वेल उन्हानं खुरटले आणि कुलसुमचा वेल भिंत चढून इकडच्या मांडवावर आला, पिवळ्या फुलांनी भरलेला. पेठेतल्या बायका म्हणाल्या, कुलसुमच्या हाताला गुण आहे. सरोजिनीबाईंनी विळा घेतला आणि भिंतीवर आलेला वेल फुलांसकट, कळ्यांसकट सपासप कापून टाकला. "माझ्या हद्दीत आला होता," एवढंच म्हणाल्या. पलीकडं कुलसुम हातात कळशी घेऊन उभी होती. तेव्हापासून ती बोललीच नाही.

सरोजिनीबाई त्या दिवशी रिकाम्या आळ्यापाशी उभ्या राहिल्या, आणि पलीकडची कळशी वाजायची थांबेपर्यंत त्यांनी तिकडं मान वळवली नाही.

पत्र यायला एकोणीस मे उजाडला. केरबा पोस्टमनानं ते सकाळी साडेदहाला टाकलं. अक्षर नंदिनीचंच होतं, पण एरवी गिचमीड भरलेल्या कागदावर या वेळी जेमतेम अर्धं पान लिहिलेलं होतं.

"आई, तू सांगितलंस तसं केलं. सतरा तारखेला सगळं बी जमिनीत घातलं. माती उकरताना हात बधिर झाले. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. जमीन उबदार राहावी म्हणून तू दिलेली वाकळ मी आळ्यावर पसरली, वर विटा ठेवल्या. येणारे-जाणारे हसत होते. अठरा दिवस वाट बघितली. काल उकरून पाहिलं. बी मऊ झालं होतं, बोटात धरलं की पिचत होतं. एक एक करून सगळी बघितली. एकही राहिलं नाही.

"मार्थाबाईंनी मला तीनदा सांगितलं होतं. मला माहीत होतं, आई. तरी मी तुझं ऐकलं, कारण तू लिहिलंस, पुन्हा विचारू नको. इथं मला विचारायला दुसरं आहे कोण? पत्राच्या तळाशी बाबांच्या दोन ओळी खोडलेल्या होत्या. मी कागद दिव्यापुढं धरून वाचायचा खूप प्रयत्न केला. नाही लागल्या. तू चुकलीस, आई. इतकंच लिहायचं होतं."

खाली ताजा कलम होता: "मार्थाबाई म्हणतात, जूनच्या पहिल्या आठवड्यात डब्यात बी टाकलं तरी काकडी होते. पण लावू काय?"

सरोजिनीबाईंना लेकीनं 'चुकलीस' म्हणून आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. लेकीनंच काय, कुणीच म्हटलं नव्हतं.

"बघा! बघा कशी बोलते!" त्या ओरडल्या. "आईला! तीन वर्षं परदेशात काय राहिली, जीभ सुटली! हिनं पाणी जास्त घातलं असणार. खोल पेरलं असणार. लहानपणापासनं धांदरट ती! आणि तुम्ही काय बघत बसलाय? तुमचीच फूस तिला!"

त्र्यंबकरावांनी पत्र वाचलं. मग त्यांनी चष्मा काढला, आणि पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा आवाज चढवला.

"माझ्या दोन ओळी होत्या, सरोजिनी! फक्त दोन! तेवढ्या राहू दिल्या असत्यास तर बी राहिलं असतं! पोरगी थंडीत दिव्यापुढं कागद धरून बसते, बाप काय म्हणाला म्हणून, आणि तू अजून तिलाच धांदरट म्हणतेस?"

सरोजिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या. भिंतीवर ते गोल डाग होते. त्यांनी मोजले नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. आईची आई, मग आई, मग आपण. दुष्काळात मेलं नाही, सुतकात मेलं नाही. आपण मारलं. भरल्या हातानं, रीत सांगून, आपण मारलं! राग अजून होताच, तसाच रसरशीत, पण आता तो कुणावर काढायचा ते सापडेना. त्यांनी भांड्यांवर काढून बघितला. एक पातेलं आपटलं, एक झाकण भिरकावलं. काही उपयोग झाला नाही.

आणि मग डोक्यात आलं. जून. पहिला आठवडा. आज एकोणीस. आज पाकीट पडलं तर पंधरा दिवसांत पोचतं. दुपारचं टपाल चारला निघतं.

आणि बी जगात आणखी एकाच घरात असलं तर असेल.

"मर मेले," त्या स्वतःलाच म्हणाल्या आणि चपला घातल्या.

नऊ वर्षांत त्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. कुलसुम ओसरीवर रजईला टाके घालत बसली होती. केसांना, भुवयांना कापूस लागला होता. तिनं वर बघितलं, आणि हातातली सुई तशीच थांबली.

"काय पायजे?" ना 'या', ना 'बसा'.

"बी," सरोजिनीबाई म्हणाल्या. आवाज भांडायला आल्यासारखा निघाला. दुसरा त्यांना येतच नव्हता. "काकडीचं. असलं तर. मी पाच दाणे दिले होते."

"दिलते की. आनि इळापन दिलता."

सरोजिनीबाईंची नजर मधल्या भिंतीकडं गेली.

"आठवतंय न्हवं?" कुलसुम उठून उभी राहिली. तीही काही कमी तापट नव्हती. नऊ वर्षं तिनं सगळं दाबून ठेवलं होतं, आणि आज ते बाहेर पडलं. "फुलाला आलेला येल! बायका ववाळून टाकत हुत्या त्याच्यावरनं! सपासप कापलासा, आनि मी हितं कळशी घिऊन उभी. तुमची पोर माझ्या मांडीवर वाडली, वैनी. एकदा तरी यावं, म्हनावं, कुलसुम, डोस्कं फिरलंतं माझं. न्हाय! भिताडाला पाठ करून उभं ऱ्हायलासा नऊ वर्सं! बुडाला वीतभर येल ऱ्हायलता, त्याला पानी घातलं मी. बोटं मोडत घातलं तुमच्या नावानं, पन घातलं. आनि आज बी पायजे व्हय?"

"मला नको. नंदिनीला पाहिजे."

मग त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं. डबी, हवाईपत्र, राणीचा वाढदिवस, बर्फ, वाकळ, खोडलेल्या ओळी. सांगताना राग येतच होता आणि त्या रागारागानंच सांगत होत्या, जणू कुलसुमनंच केलं सगळं.

"मी तिला म्हटलं, अखितीलाच टाक. तुला म्हटलं होतं तसंच. तू ऐकलं नाहीस म्हणून तुझ्याकडं बी राहिलं. तिनं ऐकलं, म्हणून गेलं. चुकले मी. तुझा वेल कापला तेव्हा पण चुकले आणि आता पण. झालं समाधान? दे आता, असलं तर. चारला टपाल निघतं."

कुलसुम आत गेली. आतून गाडगी सरकवल्याचा आवाज आला, बराच वेळ आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात राखेनं भरलेलं गाडगं होतं. तिनं राख सुपात ओतली, फुंकली, आणि पांढरं टपोरं बी बोटांनी वेगळं केलं. सरोजिनीबाईंनी एक दाणा उचलून उजेडात धरला. तेच. टोकाशी किंचित वाकडं. त्यांच्या आईच्या भिंतीवर असायचं तेच.

कुलसुमनं ढिगाचे दोन भाग केले आणि एक पुढं सरकवला.

"निम्मंच," ती म्हणाली. "समदं देनार न्हाय. तुमची ती रीत खुळी हाय, वैनी, राग आला तर येऊ दे. समदं एका घरात घातलं की त्या घराबरूबर मरतंय."

आला. राग आलाच. तीन पिढ्यांच्या रीतीला खुळी म्हणते! सरोजिनीबाईंच्या ओठावर काहीतरी आलं सुद्धा. पण त्यांनी ते गिळलं, पदर पसरला आणि निम्मं बी घेतलं.

घरी येऊन त्यांनी पाकीट काढलं, बी पातळ कापडात शिवून आत ठेवलं आणि कागद त्र्यंबकरावांच्या पुढ्यात टाकला.

"लिहा तुमच्या दोन ओळी. वरती लिहा, माझ्या आधी."

त्र्यंबकरावांनी लिहिल्या. त्याच होत्या, शब्दान् शब्द. मग कागद सरोजिनीबाईंनी घेतला. टाक हातात घेतला तेव्हा तीन वाजून गेले होते.

"नंदिनी, हे बी कुलसुममावशीनं दिलंय. मी चुकले. मार्थाबाई म्हणतील त्या दिवशी लाव, अखितीचं नाव काढू नको. निम्मंच लाव, निम्मं ठेव. घरात खिडकीशी रोपं कर. मग त्या म्हणतात तशी त्यांना रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेव, वाऱ्याची, गारठ्याची सवय होऊ दे. मी हसले होते त्याला. तुला आम्ही बावीस वर्षं या उन्हात वाढवली आणि एका दिवशी विमानात घालून त्या बर्फात नेऊन लावली. एक दिवस सवय केली नाही. वर मीच लिहिलं, पुन्हा विचारू नको. विचार, बाई. काय वाटेल ते विचार. मी रागावले तरी विचार."

पुढं काही सुचेना. त्यांनी पाकीट चिकटवलं आणि भर उन्हात, डोक्यावर पदरसुद्धा न घेता, पोस्टाकडं निघाल्या. कोपऱ्यावर बयाबाई भाजीवाली म्हणाली, "वैनी, एवढ्या तरातरा कुठं?"

"मरायला!" सरोजिनीबाई म्हणाल्या आणि पळायलाच लागल्या. चारला पाच कमी होते.